शालूची किंमत सगळ्यांना ठाऊक, विणकराची मजुरी कुणालाच नाही

लग्न ठरलं की मराठी घरात पहिली चर्चा होते ती शालूची. आणि शालू म्हटलं की डोळ्यांसमोर येतं बनारस. आपल्याकडे निकाहसाठी किंवा वलीम्यासाठी नवरीचा जोडा घ्यायला गेलेल्या अम्मी-खालाही दुकानात बसल्या की 'जरा बनारसी दाखवा' म्हणतातच. दुकानदार गादीवर एकावर एक घड्या उलगडतो. जर खरी की खोटी, रंग जाईल का, पदर भरलेला आहे का, भाव किती कमी होईल, सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हे विणायला किती दिवस लागले आणि विणणाऱ्याच्या हातात किती पैसे पडले? विचारलाच, तर बहुतेक वेळा दुकानदारालाही उत्तर देता येत नाही.

दरवर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो. १९०५ साली याच तारखेला कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये स्वदेशी चळवळीची हाक दिली गेली. त्याची आठवण म्हणून २०१५ पासून हा दिवस पाळला जातो. भाषणं होतात, फोटो निघतात, 'वारसा जपा' असं सांगितलं जातं. वारसा जपायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण वारसा हाताने विणला जातो, त्या हाताला रोज दोन वेळचं जेवण लागतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

सरकारचेच आकडे बघा. २००९-१० च्या तिसऱ्या हातमाग गणनेत देशात ४३.३१ लाख विणकर आणि त्यांना साहाय्य करणारे कामगार होते. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ते ३५.२२ लाखांवर आले. म्हणजे दहा वर्षांत आठ लाख हात कमी झाले. याच चौथ्या गणनेनुसार जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी होतं. एका माणसाचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं.

असं का होतं? यंत्रमाग, महाग रेशीम, बदललेली फॅशन ही नेहमीची कारणं खरीच आहेत. पण या लेखात एका वेगळ्या कारणाकडे लक्ष वेधायचं आहे. विणकराचा माग त्याच्या घरात असतो. आणि घरात होणाऱ्या कामाचे तास कुणी मोजत नाही. ना व्यापारी, ना सरकार, ना खुद्द विणकर.

घर तोच कारखाना

बनारसच्या मदनपुरा, लल्लापुरा, अलईपुरा, सरैया, बजरडीहा अशा मोहल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या अन्सारी विणकरांची वस्ती आहे. अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना टेकलेली घरं. घरातली सगळ्यात मोठी जागा मागाला दिलेली असते. माणसं उरलेल्या जागेत राहतात. जमिनीत खड्डा खणलेला असतो, त्याच्या काठावर विणकर बसतो आणि पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात. डोक्यावर जॅकार्डचा सांगाडा आणि त्यातून नक्षीचे भोकं पाडलेले पत्ते एकामागून एक सरकत असतात. जॅकार्ड यायच्या आधी नक्शाबंद कारागीर दोऱ्यांच्या जाळ्यात नक्षी बांधून देत. तेव्हा मागावर बसणाऱ्याशिवाय दोऱ्या ओढणारा आणखी एक जण लागे. बहुतेक वेळा तो घरातलाच पोरगा असे.

फजरची नमाज झाली की कामाला सुरुवात होते. पावडी दाबायची, ताणा उघडायचा, धोटा फेकायचा, फणी ठोकायची. साध्या अंगावर हात भरभर चालतो. बुट्टी आली की थांबतो. कढुआ पद्धतीत प्रत्येक बुट्टी वेगळ्या छोट्या कांडीने जागच्या जागी भरली जाते, त्यामुळे कापडाच्या मागे लोंबणारे धागे उरत नाहीत. फेकुआ पद्धतीत नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात आणि मागचे सुटे धागे नंतर कापून टाकतात. कढुआला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याची किंमतही जास्त. हलक्या कामाची साडी पंधरा-वीस दिवसांत उतरते, भरगच्च कढुआ शालूला दोन-तीन महिनेही लागतात.

या कामात शरीर झिजतं. पावसाळ्यात खड्ड्याला ओल येते, ताण्याचा धागा दमट होतो, काम रखडतं. पाठ, गुडघे आणि डोळे ही विणकराची खरी भांडवली गुंतवणूक. चाळिशीनंतर बारीक नक्षी दिसेनाशी झाली की तो साध्या, म्हणजे कमी मजुरीच्या कामावर येतो. इतर नोकऱ्यांत अनुभव वाढला की पगार वाढतो. इथे नजर कमी झाली की कमाई उतरते.

घरातल्या मागाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोक्यावर मुकादम नसतो. अजान झाली की हात थांबवून नमाजला जाता येतं. आजारी आईजवळ राहून काम होतं. अगहन महिन्यातल्या 'अगहनी जुम्या'ला बनारसचे विणकर माग बंद ठेवून सामूहिक नमाज अदा करतात, त्यासाठी कुणाकडे रजा मागावी लागत नाही. ही मोकळीक खरी आहे आणि विणकराला ती प्यारी आहे. पण या मोकळिकीची किंमत त्याच्याकडूनच वसूल केली जाते, हे तिथे कुणी बोलून दाखवत नाही.

हिशेबात न येणारे दिवस

मजुरी साडीवर ठरते, दिवसावर किंवा तासावर नाही. साडी उतरली, गादीवर पोचली, तपासली गेली की पैसे. त्याआधीचं आणि मधलं सगळं काम विणकराच्या खात्यावर.

आता हे काम काय काय असतं ते पाहू. नवा ताणा आला की तो मागावरच्या जुन्या ताण्याला जोडायचा. हजारो धागे, एकेक करून पीळ देत. नक्षी बदलली की पत्ते चढवायचे, दोऱ्या सारख्या करायच्या. धागा तुटला की शोधून गाठ मारायची. रेशीम वेळेवर आलं नाही तर वाट बघत बसायचं. माग मोडला तर सुताराला बोलवायचं, पैसे आपल्याच खिशातून. शेवटी साडी घेऊन चौकातल्या कुंज गलीसारख्या बाजारात जायचं, गादीवाल्याची सवड होईपर्यंत ताटकळायचं. डाग दिसला, घडीत चूक दिसली की कटौती. आणि हातात रोख पैशाऐवजी पुढच्या तारखेचा चेक.

एक साधा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत आणि मुद्दाम विणकराच्या बाजूने धरलेले आहेत. समजा एका शालूची मजुरी १२,००० रुपये ठरली आणि विणायला ३० दिवस लागले. रोज १० तास म्हटले तर ३०० तास, म्हणजे तासाला ४० रुपये. कागदावर ठीक वाटतं. आता यात घरातल्या बाईचे रोज ४ तास आणि हाताखालच्या मुलाचे २ तास मिळवा. ताणा जोडायला आणि पत्ते चढवायला गेलेले ४ दिवस मिळवा. ३४ दिवस गुणिले १६ तास, एकूण ५४४ तास. तासाला मजुरी झाली २२ रुपये. आठ तासांच्या दिवसाला १७६ रुपये. २०२५-२६ साली उत्तर प्रदेशात रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या मजुराचा दर दिवसाला २५२ रुपये होता. म्हणजे ज्या हाताला नजर, सवय आणि पंधरा-वीस वर्षांची तालीम लागते, त्याचा तास अकुशल कामाच्या तासापेक्षा स्वस्त पडला. यात मागाची दुरुस्ती, दिव्याचं बिल आणि कटौती अजून धरलेलीच नाही.

ही किमया कशामुळे झाली? घरातले तास फुकट धरल्यामुळे. कारखान्यात ताणा जोडणाऱ्याला पगार द्यावा लागतो, यंत्र बंद पडलं तर नुकसान मालकाचं असतं. इथे कारखान्याचं भाडं, यंत्राची दुरुस्ती, रिकामे दिवस आणि मदतनिसाचा पगार हे सगळं विणकराच्या घराने उचललं. व्यापाऱ्याने उचलली फक्त साडी.

बायकांचे तास

चौथ्या गणनेनुसार देशातल्या हातमाग कामगारांत ७० टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत. त्यात ईशान्य भारताचा वाटा मोठा आहे, तिथे माग बाईच चालवते. बनारसच्या मुस्लिम मोहल्ल्यांत चित्र वेगळं आहे. मागावर शक्यतो पुरुष बसतो. पण रेशमाच्या लडी उकलणं, कांड्या भरणं, साडी उतरल्यावर मागचे सुटे धागे कापणं, फुंदे लावणं ही कामं घरातल्या बायका-मुली करतात. स्वयंपाक आणि मुलं सांभाळून, अधूनमधून, रात्री उशिरापर्यंत. काही घरांत त्या बाहेरच्या विणकरांच्या कांड्याही भरून देतात आणि वजनावर थोडे पैसे मिळतात. स्वतःच्या घरच्या मागासाठी केलेल्या कामाचे मात्र काहीच नाहीत. ते 'मदत' या शब्दात जमा होतं.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुस्लिम समाजात स्वयंरोजगाराचं आणि मुस्लिम स्त्रियांमध्ये घरबसल्या कामाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं नोंदवलं होतं. त्या अहवालावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली ती शिक्षण आणि नोकऱ्यांवर. घरबसल्या कामाचा मुद्दा बाजूलाच राहिला. जरीकाम, बिडी, शिलाई, कांड्या भरणं, सगळीकडे गोष्ट एकच. काम घरात आहे म्हणून ते काम नाही.

याचा फटका पुढेही बसतो. नवरा गेला किंवा आजारी पडला तर विणकर म्हणून असलेलं ओळखपत्र त्याच्या नावाचं. बाईने तीस वर्षं कांड्या भरल्या तरी ती नोंदीत नसेल तर विमा, कर्ज, पेन्शन यांपैकी कशासाठीही तिच्याकडे पुरावा नाही.

ना मजूर, ना मालक

आता प्रश्न कायद्याचा. विणकर नेमका कोण? गिरस्त किंवा व्यापारी त्याला रेशीम देतो, नक्षी देतो, साडी परत घेतो, मजुरी देतो. या अर्थाने तो मजूर आहे. पण माग त्याचा, घर त्याचं, हजेरीपट नाही. या अर्थाने तो स्वतंत्र कारागीर. अडचण अशी की दोन्ही बाजूंचे तोटे त्याच्या वाट्याला येतात, फायदे येत नाहीत.

मजूर म्हणून बघा. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दुसऱ्याने दिलेला माल आपल्या घरी तयार करून देणाऱ्या कामगाराचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना हा माणूस दिसत होता. प्रत्यक्षात विणकराच्या घरी किमान वेतन तपासायला निरीक्षक कधी आला, हे विचारायचीही सोय नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरबसल्या काम करणारा कामगार' अशी व्याख्या आहे. दुसऱ्यासाठी आपल्या घरात मोबदल्यावर वस्तू तयार करणारा, मग साहित्य कुणीही दिलेलं असो. विणकर या व्याख्येत चपखल बसतो. वेतन संहितेत नगावर होणाऱ्या कामाचाही किमान दर ठरवता येतो. म्हणजे दार उघडं आहे. प्रश्न आहे तो आत जाण्याचा. राज्य सरकारं हातमागाच्या एका साडीचा, एका मीटरचा किमान दर ठरवणार का? आणि ठरवताना ताणा जोडण्याचे दिवस आणि कांड्यांचे तास धरणार का?

घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. या कामगारांना इतर मजुरांइतकंच संरक्षण मिळावं, हा त्याचा गाभा. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आता मालक म्हणून बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करण्याचा नियम आहे. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. विणकराची उद्यम नोंदणी असेल तर पुढच्या तारखेच्या चेकवर त्याला दाद मागता येईल. पण नोंदणी किती जणांची? आणि ज्याने पैसे अडवलेत त्याच्याकडूनच उद्या रेशीम घ्यायचं असेल, तर तक्रार कोण करेल?

योजना नाहीत असं नाही. राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रम आहे, सूत आणि रेशमावर किमतीत १५ टक्के सवलत आहे, विणकरांसाठी ६ टक्के व्याजाचं मुद्रा कर्ज आहे. बनारसमध्ये बडा लालपूरला मोठं व्यापार सुविधा केंद्र २०१७ पासून उभं आहे. पण सवलतीचं रेशीम त्याला उपयोगी, जो रेशीम स्वतः विकत घेतो. ज्याला गिरस्त रेशीम मोजून देतो, त्याच्यापर्यंत ती सवलत पोचणार कशी? २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. शिंपी आहे, मासेमारीचं जाळं विणणारा आहे, हातमागावर कापड विणणारा नाही. त्याच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, असं त्यामागचं समर्थन. मग २०२० च्या जुलैत अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झालं, तेव्हा विणकरांचं म्हणणं दिल्लीत मांडायची एक जागा गेली, त्याचं काय?

गिरस्तही आपलाच

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. विणकराची अडवणूक फक्त बाहेरचा कुणी करतो असं नाही. बनारसमध्ये मोठे व्यापारी वेगवेगळ्या समाजांचे आहेत, पण विणकर आणि गादी यांच्यामध्ये उभा असलेला गिरस्त बऱ्याचदा त्याच मोहल्ल्यातला, त्याच मशिदीत शेजारी उभा राहणारा असतो. लग्नासाठी, आजारपणासाठी उचल देणाराही तोच. उचल अंगावर असेपर्यंत विणकराला दुसरीकडे काम घेता येत नाही आणि दराबद्दल तोंडही उघडता येत नाही.

अब्दुल बिस्मिल्लाह यांच्या 'झीनी झीनी बीनी चदरिया' या १९८६ च्या हिंदी कादंबरीत बनारसचे विणकर सहकारी सोसायटी काढायला निघतात आणि त्यांना कळतं की त्यांच्याच नावावर कागदोपत्री सोसायटी आधीच निघालेली आहे. कादंबरीला चाळीस वर्षं होत आली. सहकाराच्या नावाखाली कागदी सोसायट्या ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकालाही समजावून सांगावी लागणार नाही.

मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी चुकती करावी, ही पैगंबर साहेबांची शिकवण आपल्या जलशांमध्ये हमखास ऐकवली जाते. तीन महिन्यांनी वटणारा चेक या शिकवणीत कुठे बसतो, हा प्रश्न त्याच मंचावरून विचारला गेला तर बरं होईल. हलाल कमाई म्हणजे फक्त व्याज न घेणं नव्हे. दुसऱ्याचे तास न खाणं हेही त्यातच येतं.

यंत्रमाग, नक्कल आणि ग्राहक

मजुरी वाढवली तर शालू महाग होईल आणि ग्राहक सुरतेची साडी घेईल, असं व्यापारी सांगतात. यात तथ्य आहे. यंत्रमागावर हीच नक्षी काही तासांत निघते, धागा कृत्रिम असतो आणि दुकानात ती 'बनारसी' म्हणूनच विकली जाते. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवलं. सुरुवातीला २२ प्रकार होते, आता ११ उरले आहेत आणि साडी त्यात आहे. कायदा पुस्तकात आहे, नक्कल बाजारात आहे. २००९ मध्ये बनारसी साडी आणि ब्रोकेडला भौगोलिक मानांकन मिळालं. वाराणसी आणि आसपासच्या जिल्ह्यांचं नाव त्यामुळे सुरक्षित झालं. पण मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता व्हायला अर्ज, कागद, पाठपुरावा लागतो. व्यापाऱ्याला ते जमतं. खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला ते जमवून कोण देणार?

शिवाय नकली मालाची स्पर्धा मजुरी कमी ठेवून जिंकता येणार नाही. माणूस यंत्रापेक्षा स्वस्त किती होणार? पोट आहे तिथपर्यंतच. त्यापलीकडे तो माग सोडतो. बनारसच्या मोहल्ल्यांतली पोरं सुरतेला, बेंगळुरूला यंत्रमागावर जातात, कुणी ई-रिक्षा चालवतात. त्यांना 'वारसा सोडू नका' असं सांगण्याचा हक्क आपल्याला कधी मिळेल? मागावर बसून महिन्याला घर चालेल एवढं मिळतं, हे दाखवता येईल तेव्हा. त्याआधी नाही.

आपल्या दारातला आरसा

ही गोष्ट फक्त गंगेच्या काठची नाही. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तरेतून, मऊ, आझमगड, बनारसच्या बाजूने विणकर कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. मालेगावच्या मोमिनांच्या कितीतरी घराण्यांचा इतिहास तिथूनच सुरू होतो. ते हातमाग घेऊन आले, पुढे त्यांचं शहर यंत्रमागांचं झालं. हातमाग गेला, पण नगावरची मजुरी राहिली, घराला चिकटलेला माग राहिला, कांड्या भरणाऱ्या बायकाही राहिल्या.

औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची हिमरू तर आपल्या डोळ्यांदेखत आटली. सुती ताणा आणि त्यावर रेशमाची नक्षी, किनखाबापेक्षा स्वस्त पण दिसायला तितकंच देखणं कापड. मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांशी त्याचा संबंध जोडला जातो. निजामाच्या काळात शेरवानीसाठी त्याला मागणी होती. आज पर्यटकांना हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या शालींत हातमागाच्या किती आणि यंत्राच्या किती, हा प्रश्न विचारला की दुकानात शांतता पसरते. हाताने हिमरू विणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

महाराष्ट्र सरकारच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, घोंगडी आणि खण या पाच पारंपरिक प्रकारांच्या विणकरांना उत्सव भत्ता देण्याची तरतूद झाली. सणाला चार पैसे हातात येतात, त्याचं स्वागतच आहे. पण भत्ता वर्षातून एकदा आणि भूक रोज. येवल्यातही पैठणीचा माग बहुतेक घरातच आहे, आणि तिथेही रंगीत कांड्या भरणारी, ताणा सारखा करणारी बाई आहे. मजुरी ठरवताना तिचे तास धरले जावेत, ही मागणी अन्सारी, कोष्टी, साळी सगळ्यांची सारखीच आहे. हा प्रश्न एका समाजाचा नाही.

करता येण्यासारखं

बाकी मोठ्या घोषणा बाजूला ठेवू. चार गोष्टी ताबडतोब होऊ शकतात.

एक, नोंदणी घरातल्या प्रत्येक हाताची व्हावी. मागावर बसणाऱ्याला विणकर आणि कांड्या भरणारीला साहाय्यक कामगार म्हणून स्वतंत्र ओळखपत्र मिळावं. गणनेत तसा रकाना आहेच, तो ओळखपत्रापर्यंत यायला हवा.

दोन, राज्यांनी नगाच्या कामाचा किमान दर जाहीर करावा. किती धाग्यांचा ताणा, कढुआ की फेकुआ, किती बुट्ट्या यावर तो ठरू शकतो. ताणा जोडण्याचे दिवस त्यात धरलेले असावेत.

तीन, काम देताना लेखी चिठ्ठी द्यावी. किती रेशीम दिलं, काय मजुरी ठरली, पैसे कधी मिळणार, कटौती कशावर होणार. हे करायला सरकारही लागत नाही. मोहल्ल्याच्या पंचायतीने, जमातीने ठरवलं तर उद्यापासून होईल. बनारसच्या विणकरांकडे 'मुर्री बंद'ची परंपरा आहे. सरदारांनी हाक दिली की मोहल्लेच्या मोहल्ले माग थांबवतात. २०२० मध्ये यंत्रमागाच्या विजेच्या दरावरून असाच बंद झाला होता. विजेच्या दरासाठी एकजूट होते, तर मजुरीच्या चिठ्ठीसाठी का नाही?

चार, समाजातल्या पैसेवाल्यांनी जकात-सदक्यापलीकडे जाऊन विणकरांना बिनव्याजी भांडवल द्यावं. रेशमापुरतं 'कर्जे हसना' मिळालं तर विणकर गिरस्ताच्या उचलीतून सुटतो आणि स्वतःची साडी स्वतः विकू शकतो. दयेची गरज नाही, रेशमाची आहे.

आणि राहता राहिलो आपण, ग्राहक. पुढच्या वेळी शालू घ्यायला बसलात तर घडी उलटून पाहा. कढुआ असेल तर मागची बाजू स्वच्छ दिसेल. काठाच्या कडेला बारीक टोचल्याच्या खुणा असतील, विणताना कापड ताणून धरणाऱ्या खिळ्यांच्या. हातमागाची खूण मागा, सिल्कची खूण मागा. आणि मग तो न विचारलेला प्रश्न विचारा. विणायला किती दिवस लागले? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो गादीवाल्याला विचारेल. गादीवाला गिरस्ताला विचारेल. आणि गिरस्ताला ते विचारायला त्या घरात जावं लागेल, जिथे फजरपासून पावडी हलतेय आणि चुलीपाशी बसून कुणीतरी अजून कांडी भरतंय.